लाखीश पाहण्यासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये जावे का?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पवित्र शास्त्राच्या वाचकाला एकच दालन पाहण्याइतका वेळ असेल, तर त्याने तळमजल्यावरच्या दहाव्या दालनातील लाखीशचा, म्हणजे प्राचीन यहूदा राज्यातील त्या तटबंदीच्या शहराच्या वेढ्याचा, भाग पाहावा आणि बाकीचे सगळे निःसंकोच सोडून द्यावे, असे माझे मत आहे. मुलांकडे किंवा भावंडांकडे इंग्लंडला येणारे आपल्या मंडळीतले लोक हा प्रश्न वरचेवर विचारतात, आणि इजिप्तच्या ममी व रोझेटा शिळा बघून घ्या म्हणजे झाले, असे त्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते. ममी पाहण्यास माझी काहीच हरकत नाही. परंतु ज्यांनी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये अश्शूरचा सन्हेरीब, बाबेलचा नबुखद्नेस्सर आणि इराणचा कोरेश ही नावे ऐकली, त्यांच्यासाठी त्या राजांनी स्वतःच्या हुकमाने कोरून घेतलेले दगड आणि लिहून घेतलेले मातीचे लेख याच इमारतीत आहेत, आणि ते पाहण्यासाठी प्रवेशशुल्क लागत नाही. हा अभिप्राय त्या दालनांपुरताच मर्यादित आहे.

पहिली अडचण मार्गाची आहे. संग्रहालयाची मांडणी संस्कृतीनुसार केलेली असल्यामुळे बायबलशी संबंधित वस्तू एका ठिकाणी मिळत नाहीत: अश्शूरची प्रचंड शिल्पे तळमजल्यावर ६ ते १० या दालनांत, बाबेल आणि निनवेचे लेख वरच्या मजल्यावर ५५ व्या दालनात, इस्राएल-यहूदाच्या भूमीतील वस्तू ५७ ते ५९ या दालनांत, आणि इराण ५२ व्या दालनात. याला दोष म्हणता येणार नाही, कारण निनवेचा राजवाडा हा निनवेच्या इतिहासाचा भाग आहे आणि यहूदा त्या इतिहासात एका भिंतीपुरता येतो. मात्र शास्त्राचा वाचक नेमका उलट बाजूने आलेला असतो. त्याच्या मनात यहूदा मध्यभागी आणि अश्शूर क्षितिजावर असतो. हा उलटफेर पचवण्यासाठी आधी तळमजला आणि मग वरचा मजला असाच क्रम ठेवावा, कारण खाली सत्ताधाऱ्यांचा आकार कळतो आणि त्यानंतर वरची छोटी भांडी, खापऱ्या व शिक्के वेगळे दिसू लागतात.

सहाव्या दालनात दोन शिळा पाहाव्यात. एक तुर्कस्तानातील कुर्ख येथे सापडलेली अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याची शिळा. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्करच्या लढाईत अश्शूरविरुद्ध जे राजे एकत्र आले, त्यांची यादी तिच्यावर आहे आणि त्या यादीत इस्राएलच्या अहाबाच्या नावापुढे २,००० रथ व १०,००० पायदळ असा आकडा आहे. पवित्र शास्त्रात कर्करच्या लढाईचा उल्लेखच नाही. राजे या पुस्तकाच्या लेखकाला अहाबाच्या रथांपेक्षा नाबोथच्या द्राक्षमळ्यात अधिक रस होता: वाडवडिलांची जमीन विकणार नाही असे म्हणणारा एक माणूस, राणी ईजबेलने उभे केलेले खोटे साक्षीदार, दगडमार, आणि ताबा घ्यायला खाली उतरलेला राजा. हे प्रकरण कुठल्याही परकीय सम्राटाचे नाही, स्वकीय राजाचे आहे, आणि अन्यायी सत्तेची गोष्ट बायबलमध्ये परक्यांपासून सुरू होत नाही, हे या शिळेसमोर लक्षात ठेवले तर पुढचा सगळा फेरफटका अधिक प्रामाणिक होतो.

दुसरी वस्तू म्हणजे काळा स्तंभ, सुमारे दोन मीटर उंचीचा. त्याच्या वरून दुसऱ्या पट्टीत शल्मनेसरापुढे एक दाढीवाला पुरुष कपाळ जमिनीला टेकून पडला आहे आणि वरच्या लेखात ही अम्रीच्या घराण्यातील येहूची खंडणी असल्याचे म्हटले आहे. इस्राएलचा राजा झालेल्या येहूने स्वतः अम्रीचे घराणे कापून काढले होते, पण अश्शूरच्या कारकुनाला त्याची पर्वा नव्हती. राजे या पुस्तकात येहूचा रथ, त्याचा आवेश आणि बआलाच्या उपासकांची कत्तल यांचे सविस्तर वर्णन आहे, मात्र या लोटांगणाबद्दल एक शब्द नाही. पाहणाऱ्याने येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. तो वेळ पुढे लागणार आहे.

आता लाखीश. निनवे येथील आपल्या राजवाड्यातील एका खोलीच्या भिंतींवर सन्हेरीबाने इ.स.पू. ७०१ मधला लाखीशचा वेढा जिप्समच्या शिलापटांवर कोरून घेतला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऑस्टिन हेन्री लेयार्ड या इंग्रज उत्खनकाने ते शिलापट उकरून काढले. म्युझियममध्ये ते सलग लावलेले आहेत आणि प्रेक्षक त्यांच्या मधोमध उभा राहतो, जसा सन्हेरीबाच्या भेटीला आलेला एखादा मांडलिक उभा राहत असेल. खोलीचा हेतूच तो होता. यहूदाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराचे काय झाले ते बघ आणि तुझ्या शहराचे काय करायचे ते ठरव, एवढेच या भिंतींना सांगायचे आहे.

डावीकडून उजवीकडे वाचत जावे. आधी गोफणकरी, तिरंदाज आणि भालाईत यांच्या रांगा आहेत. मग तटाला भिडवलेला धमधमा आहे, त्यावर चढवलेली भिंत फोडणारी यंत्रे आहेत आणि वरून बचाव करणारे जळते पलिते फेकत आहेत. एका यंत्राच्या आत बसलेला अश्शूरी शिपाई लांब दांड्याच्या पळीने यंत्राच्या तोंडावर पाणी ओतत आहे, म्हणजे चामड्याचे आवरण पेटू नये. कोरणाऱ्याला हे बारकावे ठाऊक होते, कारण वेढा घालणे हा अश्शूरचा रोजचा धंदा होता. तटाखाली तीन नग्न माणसे सुळावर चढवलेली आहेत. पुढे दोघांना जमिनीवर ताणून बांधले असून त्यांची कातडी सोलली जात आहे. या दोन्ही ठिकाणी कोरणाऱ्याचा हात तितकाच स्थिर आहे जितका तो घोड्याच्या आयाळीवर आहे, आणि हेच मला सर्वांत असह्य वाटते.

वेशीतून बाहेर पडणाऱ्यांची रांग याच भिंतीवर आहे आणि ती बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटते, कारण डोळे सुळांवर खिळतात. डोक्यापासून पायापर्यंत आलेली लांब ओढणी घेतलेल्या बायका, खांद्यावर गाठोडी घेतलेले पुरुष, आणि एक बैलगाडी, जिच्यावरच्या सामानावर बायामुले बसली आहेत. बैलाच्या बरगड्या मोजता येतात. सगळ्यांचे पाय अनवाणी आहेत. शिल्पाच्या पार्श्वभूमीला डोंगरउतार दाखवले आहेत आणि त्यांवर द्राक्षवेली व अंजिराची झाडे ओळीने कोरली आहेत. ती नुसती सजावट समजून पुढे जाऊ नये. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सन्हेरीबाचा अधिकारी रब-शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून लोकांना आवाहन करतो की माझ्याशी सलोखा करा, म्हणजे प्रत्येक जण आपल्या द्राक्षीचे व आपल्या अंजिराचे फळ खाईल, मी येऊन तुम्हांला तुमच्या देशासारख्याच देशात घेऊन जाईपर्यंत. आश्वासनाच्या शेवटच्या तुकड्यात काय दडलेले होते, ते या शिलापटावर आधीच घडलेले आहे: गाड्या त्याच वेली आणि त्याच अंजिरांच्या कडेने निघाल्या आहेत.

रांग ज्याच्यासमोर थांबते तो सन्हेरीब उंच सिंहासनावर बसला आहे, मागे चवऱ्या घेतलेले सेवक आहेत आणि बाजूच्या लेखाचा आशय असा की विश्वाचा राजा, अश्शूरचा राजा सन्हेरीब सिंहासनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली. त्याचा चेहरा मात्र कोणीतरी मुद्दाम फोडलेला आहे. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडले तेव्हा हे झाले असावे, असे मानले जाते. आपल्याकडचे पाहुणे येथे हमखास समाधानाचा सुस्कारा सोडतात आणि सन्हेरीबाला त्याच्याच मुलांनी ठार केल्याची आठवण काढतात; ते खरेही आहे, इ.स.पू. ६८१ मधल्या त्या खुनाची नोंद बाबेलच्या इतिवृत्तातही आहे. परंतु लाखीश आणि हा खून यांच्यात वीस वर्षांचे अंतर होते, आणि गाडीवर बसलेल्या त्या बायकांपर्यंत ती बातमी पोहोचली की नाही, हे कुठेही लिहिलेले नाही.

माझा मुख्य मुद्दा येथेच आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये यहूदाचा राजा हिज्कीया याची गोष्ट यरुशलेमची गोष्ट म्हणून शिकवली जाते: राजाने शत्रूचे पत्र मंदिरात परमेश्वरापुढे पसरले, यशया संदेष्ट्याने धीर दिला, रात्री देवदूताने अश्शूरच्या छावणीतील १,८५,००० माणसे मारली, सन्हेरीब परत गेला. ही गोष्ट मीही अशीच शिकलो आणि अशीच शिकवली. लाखीशचे नाव त्याच अध्यायांत आहे, पण छावणीचा पत्ता म्हणून; तेथे राहणाऱ्या माणसांचे काय झाले ते आपण विचारत नाही. लाखीशमध्येही प्रार्थना झाल्या असतील, तेथेही त्याच देवाचे नाव घेणारे लोक होते, आणि ते शहर वाचले नाही. निनवेच्या भिंतीने, तिच्या मालकाच्या मनात नसताना, या लोकांची आठवण जपून ठेवली. शास्त्रातल्या श्रद्धेचा विचार फक्त सुटका झालेल्या शहरावरून करायचा नसेल, तर या दालनात येणे भाग आहे, आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कोणत्याही संग्रहालयात हा विचार इतक्या जवळून करता येत नाही.

येथून वर ५५ व्या दालनात जाऊन सन्हेरीबाचा सहा बाजूंचा मातीचा लेख पाहावा. तो टेलर यांच्या नावाने ओळखला जातो, इ.स.पू. ६९१ चा आहे आणि उंची जेमतेम ३८ सेंटिमीटर आहे. त्यात यहूदाची ४६ तटबंदीची शहरे घेतल्याचा, २,००,१५० माणसे बाहेर काढल्याचा आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्याप्रमाणे कोंडल्याचा दावा आहे. माणसांचा आकडा फुगवलेला असणार, याबद्दल बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. यरुशलेम घेतल्याचे मात्र तो म्हणत नाही, आणि फुशारकीच्या लेखात न लिहिलेल्या गोष्टीला वजन असते. खंडणीचे आकडे ताडून पाहण्याजोगे आहेत: दोन्हीकडे सोने ३० किक्कार (वजनाचे एक जुने माप) आहे, चांदी राजांच्या दुसऱ्या पुस्तकात ३०० किक्कार आहे आणि लेखात ८००. हिज्कीयाने लाखीशला निरोप पाठवून माझी चूक झाली असे कळवले आणि मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून दिले, हे राजांच्या पुस्तकाने सांगितले आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने आणि यशयाने ते वगळले आहे. प्रार्थना करणारा हिज्कीया आणि खंडणी भरणारा हिज्कीया हे एकच आहेत, आणि जुलमी राजाच्या सावलीत राज्य करणाऱ्या माणसाचे हे चित्र मला उपदेशांत ऐकलेल्या चित्रापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

लेव्हंटच्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याच्या प्रदेशाच्या, ५७ ते ५९ या दालनांत गर्दी कमी असते आणि वस्तू लहान आहेत. घाईत असलेला माणूस तेथून सरळ निघून जातो. दोन गोष्टींसाठी थांबावे. एक म्हणजे यरुशलेमसमोरच्या सिलवान गावातील एका खडकात कोरलेल्या थडग्याच्या दारावरचा दगड. १८७० मध्ये पुरातत्त्वज्ञ क्लेर्मोंट-गानो यांना तो मिळाला आणि त्यावरचा झिजलेला लेख १९५३ मध्ये पुरातत्त्वज्ञ नहमान अविगाद यांनी वाचला. घरावर असलेल्या, म्हणजे राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या, कोणा अधिकाऱ्याचे हे थडगे असून येथे सोने-रुपे नाही, फक्त त्याची व त्याच्या दासीची हाडे आहेत, आणि ते उघडणारा शापित असो, असा त्याचा आशय आहे. नावाचा आरंभ तुटला आहे; फक्त शेवटचे ‘याहू’ उरले आहे. यशयाच्या बाविसाव्या अध्यायात शेबना नावाच्या कारभाऱ्याला संदेष्टा विचारतो की तू उंचावर खडक फोडून स्वतःसाठी थडगे खोदणारा कोण, आणि हाच तो शेबना असावा, असा अविगाद यांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण बसतो. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की रब-शाकेचे बोलणे ऐकायला जे तीन अधिकारी तटाबाहेर गेले, त्यांत चिटणीस म्हणून शेबनाचे नाव आहे. सन्हेरीब दाराशी येण्याच्या त्या काळातच संदेष्ट्याला आपल्याच राजवाड्यातील माणसाच्या ऐटीविरुद्ध बोलण्यास सवड होती, आणि बाहेर शत्रू आहे म्हणून आतल्यांना बोलू नये, असे त्याला वाटले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लाखीशच्या खापऱ्या. हा दुसरा वेढा, सन्हेरीबाच्या वेढ्यानंतर सुमारे एकशे पंधरा वर्षांनी, नबुखद्नेस्सराच्या वेळचा. १९३५ मध्ये उत्खनन करणाऱ्या जे. एल. स्टार्की यांना लाखीशच्या वेशीलगतच्या खोलीत शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. होशाया नावाच्या हाताखालच्या माणसाने याओश नावाच्या वरिष्ठाला पाठवलेली पत्रे त्यांत आहेत. ती आता लंडन आणि यरुशलेम येथे विभागलेली आहेत. एका पत्रात होशाया लिहितो की लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळाकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत, अजेका दिसत नाही. आणि यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात यहूदाच्या तटबंदीच्या शहरांपैकी लाखीश व अजेका एवढीच उरल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या एका पत्राची सुरुवात परमेश्वर माझ्या स्वामीला आज, अगदी आज, शांतीची वार्ता ऐकवो अशी आहे, आणि पुढे लगेच तुझा हा दास म्हणजे एक कुत्रा, त्याची आठवण स्वामीने ठेवावी असा तो कोण, असे नम्रतेचे ठराविक वाक्य येते. या संपूर्ण संग्रहालयात, सम्राटांच्या हजारो ओळींच्या गलबल्यात, वेढा पडणाऱ्या बाजूच्या माणसाचे हस्ताक्षर मला एवढेच दिसले. अक्षर लहान आहे आणि शाई फिकी झाली आहे. जवळ जाऊन, तिरक्या नजरेने पाहिले तर ओळी उमटतात.

बाबेलबाबत मी थोडक्यात लिहितो, कारण तेथे पाहण्यापेक्षा वाचण्यासारखे अधिक आहे. तळहातावर मावेल अशा एका मृत्तिकालेखात नबुखद्नेस्सराने आपल्या सातव्या वर्षी, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाचे शहर घेतले, राजाला धरले आणि आपल्या पसंतीचा राजा बसवला, अशी कोरडी नोंद आहे. हा दिवस इ.स.पू. ५९७ च्या मार्चमध्ये येतो. यहूदाचे राजे यहोयाखीन आणि सिद्कीया यांच्या कथेचा हा दुसऱ्या बाजूचा दाखला झाला. मंदिर जळाले त्या वर्षाचा भाग उपलब्ध इतिवृत्तात नाही. ऊर येथील, बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस याच्या लेखात त्याने थोरला मुलगा बेलशस्सर याच्यासाठी चंद्रदेवाची प्रार्थना केली आहे. दानीएलाच्या पुस्तकात बेलशस्सराचा बाप नबुखद्नेस्सर म्हटला आहे आणि लेखात तो नबोनिदस आहे, हा फरक झाकून ठेवू नये. मात्र भिंतीवरचा लेख वाचणाऱ्याला राज्यात तिसरे स्थान का देऊ केले, दुसरे का नाही, हे बापलेक दोघे सत्तेवर होते असे धरले की उलगडते. याच दालनात असताना यिर्मयाचे बंदिवानांना पाठवलेले पत्र आठवावे, ज्यात घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असे म्हटले आहे. आणि त्याच वेळी बाबेलच्या बाळांना खडकावर आपटण्याची इच्छा व्यक्त करणारे १३७ वे स्तोत्रही आठवावे. दोन्ही त्याच पाडाव झालेल्या लोकांनी जपले.

कोरेशचा दंडगोल, म्हणजे मातीच्या दंडगोलावरचा त्याचा लेख, ५२ व्या दालनात आहे, सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा. मुंबईकरांना तो घरबसल्या पाहण्याची संधी मिळाली होती: २०१३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात होता आणि पारशी समाजाने त्याचे मनापासून स्वागत केले. या वस्तूभोवती जितकी भाबडी विधाने फिरतात तितकी दुसऱ्या कोणत्याही वस्तूभोवती फिरत नसतील. यहूदी, यरुशलेम किंवा मंदिर यांचे नाव त्यात नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतलेला कोरेश तेथे म्हणतो की मार्दुक देवाने आपल्याला निवडले आणि आपण देवांच्या मूर्ती व लोक त्यांच्या ठिकाणी परत पाठवले. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात त्याच कोरेशला परमेश्वर आपला अभिषिक्त म्हणतो आणि तू मला ओळखत नव्हतास असेही सांगतो. एज्राच्या पुस्तकातला हुकूम या धोरणाशी जुळतो, एवढेच म्हणता येते आणि एवढे पुरे आहे. सम्राट बदलला तरी परतलेले लोक सम्राटाची रयतच राहिले, हे नहेम्याच्या नवव्या अध्यायातील प्रार्थना स्वच्छ शब्दांत कबूल करते: आमच्या पूर्वजांना दिलेल्या देशात आम्ही गुलाम आहोत.

सशुल्क मार्गदर्शित फेरीबद्दल अनेक जण विचारतात. ख्रिस्ती गटांसाठी अशा फेऱ्या काढणाऱ्या एका खासगी संस्थेबरोबर मी आमच्या मंडळीच्या पाहुण्यांना नेले होते. नाव देण्याची गरज नाही. वाटा ठाऊक असलेला माणूस बरोबर असल्याने वेळ वाचला, हे मान्य केले पाहिजे. पण प्रत्येक वस्तूसमोर ‘बायबल खरे ठरले’ एवढाच निष्कर्ष काढून गट पुढे हलवला जात होता. कोरेशच्या दंडगोलात मंदिर बांधण्याचा हुकूम आहे, असे छातीठोकपणे सांगण्यात आले. लाखीशच्या शिलापटांसमोर सन्हेरीबाचा फुटलेला चेहरा दाखवून सगळे हसले आणि निघाले. बैलगाडीकडे कोणाचेच लक्ष वेधले गेले नाही. सिलवानचा दगड फेरीत नव्हताच. आमच्यासोबत असलेल्या निवृत्त पाळकसाहेबांनी फेरी संपल्यावर मला बाजूला घेऊन ‘आता आपण आपले परत जाऊन बघू’ असे म्हटले, आणि त्या दुसऱ्या खेपेत त्यांनी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा अठरावा अध्याय दालनातच हलक्या आवाजात वाचला. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या छायाचित्रांच्या पुस्तकावर करावेत.

एक गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. अश्शूरची जुनी राजधानी असलेल्या निमरूदहून लेयार्डने पाठवलेली पहिली मोठी खेप बसरामार्गे मुंबईला आली आणि तेथून जहाजाने इंग्लंडला गेली. काळा स्तंभही त्याच वाटेने गेला. मुंबईत काही पेट्या परवानगीशिवाय उघडून आतल्या लहान वस्तू लोकांना दाखवण्यात आल्या, अशी लेयार्डची तक्रार होती. निमरूदच्या राजवाड्यातले काही शिल्पखंड आजही मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. तेव्हा ज्यांना लंडनला जाणे शक्य नाही, त्यांनी निदान ते पाहावेत; लाखीश तेथे नाही, पण अश्शूरचा दगड आणि त्यावरचा हात कसा होता ते कळते. या सर्व वस्तू एका साम्राज्याच्या राजवाड्यांतून निघून दुसऱ्या साम्राज्याच्या राजधानीत आल्या, याची जाणीव संग्रहालयात फिरताना मला कधीच पूर्णपणे सोडत नाही, आणि ती सोडू नये असेच मला वाटते.

रोमी काळासाठी, म्हणजे येशू ख्रिस्त आणि पौल यांच्या काळासाठी, वेगळा दिवस काढावा. तिबेरियसची नाणी आणि सम्राटांचे पुतळे वरच्या मजल्यावर आहेत, परंतु एकाच दिवशी सन्हेरीबापासून कैसरापर्यंत जाण्याचा प्रयत्न केल्यास शेवटी पाय दुखल्याचेच स्मरण राहते.

लहान मुलांना न्यावे का, याबद्दल माझे मत असे की दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना जरूर न्यावे आणि सुळांचे दृश्य त्यांच्यापासून लपवू नये, पण तेथे काय आहे ते आधी घरी सांगावे. निघण्यापूर्वी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचे १८ व १९ हे अध्याय, यशयाचा बाविसावा आणि यिर्मयाचे २९ व ३४ हे अध्याय वाचून घ्यावेत. एवढ्या तयारीवर ही दालने पूर्ण दिवस पुरतात. होलबर्न आणि टॉटनहॅम कोर्ट रोड ही दोन्ही भुयारी रेल्वे स्थानके चालण्याच्या अंतरावर आहेत. संग्रहालय रोज सकाळी १० ते सायंकाळी ५ पर्यंत उघडे असते आणि शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत, त्यामुळे शांतपणे पाहायचे असेल तर शुक्रवारची संध्याकाळ निवडावी. काही दालने अधूनमधून बंद ठेवली जातात, म्हणून संकेतस्थळ पाहूनच निघावे, आणि त्या दिवशी दहावे दालन बंद असेल तर भेटीचा दिवस बदलून घ्यावा.